गवंडी कितवा?

टाकेमास्तरांच्या घरात सकाळचे दोन आवाज ठरलेले होते. पहिला दुधाचा, उतू जायच्या बेतात आल्याचा. दुसरा मास्तरांचा, चामडं टोचायची आरी सापडत नसल्याचा.

"अगं, माझी आरी बघितलीस का?"

"गादीच्या डाव्या कडेला," काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. वळून बघायची गरज नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारात ती आरी दुसरीकडे कुठे गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"इथे नाहीये."

"तुम्ही तिच्यावर बसला नाहीत ना?"

गादी सरकवल्याची खसपस. मग "सापडली" असा बारीक आवाज आला, आणि त्यात किंचित कळ होती. काकूंनी गॅस बंद केला आणि हसू पदरात लपवलं.

टाकेमास्तर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गल्लीच्या टोकाला बॉक्सिंगची व्यायामशाळा होती आणि तिथले फाटके ग्लोव्हज, उसवलेल्या ठोशांच्या पिशव्या, तुटलेले पट्टे असं सगळं मास्तरांकडे शिवायला येई. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. खिडकीला ग्लोव्हजच्या जोड्या नाड्यांनी बांधून द्राक्षांच्या घडांसारख्या टांगलेल्या असत. खोलीला चामड्याचा, मेणाचा आणि दुसऱ्यांच्या घामाचा वास होता. लग्न होऊन आल्यावर पहिला महिनाभर काकू नाकाला रुमाल लावून झाडू मारत. आता बाहेरगावाहून परतल्या की तो वास आला म्हणजे त्यांना घर आल्यासारखं वाटे.

मास्तरांची शिवायची एक रीत होती. ग्लोव्ह काळा असेल तर ठिगळ तांबडं लावायचं, तांबडा असेल तर काळं. गिऱ्हाईक कुरकुरे, "मास्तर, जरा रंगाला रंग जुळवा की, चारचौघांत लाज वाटते." मास्तर ऐकत नसत. "शिवलेली जागा लांबून दिसली पाहिजे. म्हणजे रोज हात घालण्याआधी तिथे दाबून बघाल. लपवलेला टाका एक दिवस मनगट मोडतो." आणि त्याच्या जोडीला दुसरं वाक्य ठरलेलं असे, "एक टाका उसवला की शेजारचे चार ओढून बघायचे."

अशा या माणसाने आयुष्यात एकदाही रिंगमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. अंगाने चोपन्न किलो, तेही हिवाळ्यात स्वेटरसकट. घरात झुरळ निघालं तर ते खुर्चीवर चढून काकूंना हाक मारत. पण एकदा बॉक्सिंगचा विषय निघाला की त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यातही वजनगट एकच, लाइट हेवीवेट. म्हणजे अंगाने साधारण त्र्याहत्तर किलोच्या वर आणि ऐंशीच्या आत.

"हलका जड म्हणजे हो काय?" लग्नानंतर काकूंनी विचारलं होतं. "उद्या कोरडं पाणी म्हणाल."

"अगं, तीच तर गंमत आहे! मिडलवेटवाल्यांना हे जड वाटतात आणि हेवीवेटवाले यांना चिल्लर समजतात. पैसा वरच्यांना, कौतुक खालच्यांना. मधल्याला कोण विचारतो?"

मास्तर स्वतः तीन भावांतले मधले. काकूंनी मनात नोंद घेतली.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर एकाखाली एक असे पाच खिळे होते. प्रत्येक खिळ्यावर चामड्याचा एक बिल्ला आणि त्यावर आरीने टोचून लिहिलेलं एकेका जुन्या बॉक्सरचं टोपणनाव. जुन्या म्हणजे ज्यांच्या लढती रेडिओवर ऐकायच्या आणि पेपरात वाचायच्या, अशा काळातले. ही मास्तरांची सार्वकालिक क्रमवारी. खालचे चार बिल्ले अधूनमधून हलत. घड्याळ नावाचा एक होता, त्याची वेळ कधी चुकत नसे आणि अकरा वर्षांत त्याला कुणी खाली पाडलं नव्हतं. खाटीक म्हणून एक होता, उजव्या हाताचा. "खाटकाचं दुकान सकाळीच चालायचं," मास्तर सांगत, "तिसऱ्या फेरीपर्यंत जो टिकला, तो पुढे वाचला." मुनीम कमी मारायचा, त्याहून कमी खायचा आणि गुण मोजत जिंकायचा. आणि पाचवा पिल्लू. तो वाढत वाढत पुढे हेवीवेटमध्ये गेला, म्हणून मास्तरांच्या मनातून थोडा उतरला होता.

पहिल्या खिळ्यावरचा बिल्ला मात्र काकूंनी कधी हललेला पाहिला नव्हता. तो होता गवंडी.

गवंड्याचा एकच फोटो मास्तरांकडे होता. कुठल्याशा जुन्या मासिकाचं पान, काच लावून शिलाईयंत्रावर टांगलेलं. चौदाव्या वर्षी मास्तर एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली काम शिकत होते, तेव्हा चामड्याच्या गठ्ठ्याला गुंडाळून ते पान आलं. फोटोत एक रुंद खांद्यांचा माणूस दोन्ही हात वर धरून उभा आणि त्याच्या डाव्या ग्लोव्हच्या अंगठ्यावर चांगलं नखाएवढं ठिगळ. एवढा जगज्जेता, आणि ग्लोव्ह शिवलेला! म्हणजे कुठेतरी कुणीतरी दिव्याखाली बसून तो शिवला असणार. त्या दिवसापासून मास्तर गवंड्याचे झाले ते झालेच.

तर त्या सकाळी काकू चहा गाळत होत्या, मास्तर एका लाल ग्लोव्हवर काळं ठिगळ बसवत होते आणि दारावर थाप पडली. हलकी नव्हे, चांगली सणसणीत.

दारात रंगारी उभा होता. हातात ब्रशांचा डबा, शिडी गल्लीतच ठेवलेली.

"वहिनी, मास्तर आहेत ना? कोचबाईंनी पाठवलंय. व्यायामशाळेची भिंत काढायची आहे."

"अगं बाई! पाडताय?"

"पाडत कुठे! रंगवतोय. पाच मोठे बॉक्सर, ओळीने, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. कोचबाई म्हणाल्या, क्रम मास्तरच सांगतील, खाली काय लिहायचं तेही तेच सांगतील. उद्या सकाळी मुलं-मुली येतील तोवर भिंत वाळलेली पाहिजे."

मास्तरांच्या तोंडातली सुई गळून पडली. चाळीस वर्षं ज्या क्रमवारीला गिऱ्हाइकांनी हो-हो म्हणत पाठीमागे हसून घेतलं, ती आता भिंतीवर जाणार, तीही माणसाच्या उंचीची! ते उठून उभे राहिले, मग उभं राहून काय करायचं ते न कळून पुन्हा बसले. नेमके आरीवरच.

"बसा, बसा," कळ ओसरल्यावर ते रंगाऱ्याला म्हणाले. "अगं, चहा आण. साखर दोन चमचे घाल. तीन घाल."

रंगाऱ्याने वही काढली. चौघांचे फोटो कोचबाईंनी दिले होते, गवंड्याचा तेवढा इथून घ्यायचा होता. त्याने काचेजवळ जाऊन नीट पाहिलं.

"फोटो जुना आहे मास्तर. अंगठ्यावर डाग पडलाय."

"डाग नाही तो. ठिगळ आहे."

"ठिगळ? भिंतीवर ठिगळ कोण रंगवतं! चॅम्पियन माणूस. मी नवेकोरे ग्लोव्हज दाखवतो, चकचकीत."

काकूंना वाटलं, आता हे उसळणार. पण मास्तरांचं सगळं लक्ष पहिल्या खिळ्याकडे होतं. "दाखव बाबा, नवे दाखव," ते उदारपणे म्हणाले. "पहिल्या नंबरच्या माणसाला नवेही शोभतील. पण काढायचा सगळ्यात आधी. दाराच्या समोर."

"आणि खाली काय लिहू?"

मास्तरांनी घसा साफ केला. "लिही. डोंगराला दोनदा हरवणारा एकमेव."

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली.

"डोंगर कोण?" रंगाऱ्याने विचारलं.

"हेवीवेट. गवंड्यापेक्षा बावीस किलोंनी जड. असा माणूस उभा राहिला की पलीकडचा प्रेक्षक दिसायचा नाही. आता बघ, क्रम लावायची माझी रीत आहे. चार प्रश्न विचारायचे. कुणाला हरवलं? हरवलं तेव्हा समोरच्याचं वय काय होतं? वजनात किती फरक होता? आणि हरल्यावर परत कसा आला? हे कधी एकमेकांशी लढलेच नाहीत, मग तुलना कशी करता, असं लोक विचारतात. अरे, दोन चपला दोन गावांत झिजल्या तरी टाच बघून चाल कळते! तर तिसऱ्या प्रश्नाला गवंड्यासमोर कुणी उभा राहत नाही. बावीस किलो! आणि एकदा नाही, दोनदा. मार्चात एकदा, एप्रिलात एकदा. दोन्ही वेळा सातव्या फेरीत सभागृहातले दिवे गेले. दोन्ही वेळा दिवे आले आणि दोन मिनिटांत डोंगर खाली!"

रंगारी लिहिता लिहिता थांबला. "दोन्ही वेळा सातव्या फेरीत?"

"दोन्ही वेळा!"

"वीजवाल्यांचं गवंड्याशी काही वाकडं होतं का हो?"

मास्तर खळखळून हसले. ही गोष्ट सांगितली की असा एखादा विनोद होतच असे. काकू हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

काकू इतिहास घेऊन पदवीधर झालेल्या. बावीस वर्षांपूर्वी मास्तरांनी आपली कात्रणं त्यांच्यासमोर ठेवली होती. "तुझं अक्षर चांगलं आहे, एका वहीत उतरवून दे." उतरवताना काकूंना डोंगराची दोन कात्रणं सापडली. एक दैनिकातलं, मार्चच्या शेवटच्या दिवसाचं. दुसरं पाक्षिकातलं, एप्रिलच्या मध्याचं. दैनिकात लिहिलं होतं की सातव्या फेरीत दिवे गेले आणि पंचांनी काडेपेटीतली काडी पेटवून दोघांना लांब उभं केलं. पाक्षिकात लिहिलं होतं की सातव्या फेरीत दिवे गेले आणि पंचांनी काडेपेटीतल्या चार काड्या संपवल्या. काकूंनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. लढत एकच होती. पाक्षिकाने ती पंधरा दिवसांनी छापली होती आणि मास्तरांनी छापल्याची तारीख लढतीची समजून एक विजय वाढवून टाकला होता. पेपर आणि पाक्षिक यांच्यावरच ज्याचं पोट भरतं, लढत डोळ्यांनी कधी बघायलाच मिळत नाही, अशाच भक्ताच्या हातून ही चूक व्हायची.

तेव्हा काकू बोलल्या नाहीत. वहीत दोन्ही विजय सुवाच्य अक्षरात उतरवले. पदवी घेतलेल्या बाईने जाणूनबुजून खोटी तारीख लिहिली, हे शल्य त्यांना अधूनमधून टोचे, विशेषतः कुणी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं की. पण घरातली गोष्ट घरात होती. बिल्ला खिळ्यावर होता, खिळा भिंतीत होता. कुणाचं काय बिघडत होतं?

आता मात्र ते फूटभर उंचीच्या अक्षरांत भिंतीवर चढणार होतं. कोचबाईंच्या मुली हुशार होत्या, फोनवर सगळं शोधून काढत. आज ना उद्या एखादी हसत हसत येऊन विचारणार, "मास्तर, दुसरी लढत कुठाय?" ती चारचौघांत विचारणार. आणि हे खुर्चीवर चढून हाक मारणार, तेव्हा काकूंकडे काही उत्तर नसणार.

त्यांनी पदर खोचला, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पत्र्याची पेटी काढली आणि दोन पिवळी कात्रणं घेऊन बाहेर आल्या.

"अहो, जरा चष्मा लावा."

"आत्ता? अगं, काम चाललंय."

"त्याच कामाचं आहे."

मास्तरांनी चष्मा लावला. पहिलं कात्रण वाचलं, मान डोलावली. दुसरं वाचलं, मान डोलावली. मग पुन्हा पहिलं. काकूंनी बोट ठेवलं, आधी एका काडेपेटीवर, मग दुसरीवर. रंगाऱ्याने चहाचा घोट घेतला आणि तो गिळायचं विसरला.

"काडेपेटी," मास्तर म्हणाले.

"हं."

"दोन्हीकडे."

"हं."

"पंच विडी ओढत असतील. दोन्ही वेळा खिशात काडेपेटी असू शकते."

काकूंनी बोट काढलं नाही. अडतीस वर्षांत त्यांना एवढं कळलं होतं की मास्तरांचा वकील मास्तरच असतो आणि त्याला खटला हरायला पाच मिनिटं पुरतात.

मास्तरांनी कात्रणं खिडकीशी नेली, उजेडात धरली. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. "तुला कधी कळलं?"

"वही लिहिताना."

"बावीस वर्षं!" आवाज चढला. "बावीस वर्षं मी गल्लीभर दोनदा-दोनदा म्हणून सांगत हिंडतोय आणि तू आतून ऐकत बसलीस? मी गिऱ्हाइकांना सांगतो, उसवलं की लपवू नका, आणि माझ्याच घरात?"

"ओरडू नका. ते वर्ष आठवतं का? यंत्रावरचे स्वस्त ग्लोव्हज आले होते. फाटले की लोक फेकायचे. महिनाभर या दारातून एक जोडी आत आली नव्हती. तुम्ही सकाळपासून या पाच खिळ्यांकडे तोंड करून बसायचात. जेवायला वाढलं तरी वळायचा नाहीत. त्यातला सगळ्यात वरचा खिळा मी उपटायचा? सांगा ना, कुठल्या हाताने?"

मास्तरांनी कात्रणं गादीवर ठेवली. रंगाऱ्याला वाटलं, आपण शिडी बघून यावी. तो उठला, पण काकूंनी त्याला डोळ्यांनीच बसवलं. साक्षीदार असलेला बरा.

"आणि पुढची एकवीस वर्षं?" मास्तरांनी विचारलं, पण आता आवाज खाली आला होता.

"पुढे सवय झाली. तुम्ही ती गोष्ट सांगता छान." काकू जराशा हसल्या. "दिवे गेल्यावर तुम्ही जो श्वास रोखून धरता ना, तो मला आवडतो."

मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते भिंतीकडे गेले, पहिल्या खिळ्यावरचा बिल्ला त्यांनी काढला. चाळीस वर्षांत तो तिथे चिकटूनच बसला होता. सुटताना थोडा पोपडा घेऊन आला. मागे भिंतीवर एक स्वच्छ गोरा चौकोन उघडा पडला.

"एक टाका उसवला," मास्तर पुटपुटले, "की शेजारचे चार ओढून बघायचे."

"अहो, पुरे की. एक विजय कमी झाला. दुसऱ्यावर ठेवा."

"थांब. खाटकाला गवंड्याने आठव्या फेरीत पाडलं. बरोबर? पण तेव्हा खाटीक छत्तीस वर्षांचा होता. माझाच दुसरा प्रश्न. बाकी सगळ्यांना मी विचारला, याला कधी विचारला नाही."

"छत्तीस म्हणजे काही म्हातारा नव्हे," काकू घाईने म्हणाल्या.

"बॉक्सरला म्हातारा. आणि मुनीम. मुनिमाकडून हा दोनदा हरला. मी म्हणायचो, पंच फितूर होते."

"होतेच!" काकूंनी आजवर मुनिमाबद्दल एक अक्षरही वाचलं नव्हतं, पण आता त्या पेटल्या होत्या. "मोजून मोजून जिंकणारा माणूस, त्याला काय वर चढवता? जिंकायची काही रीत असते की नाही?"

मास्तरांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी आता गवंड्याच्या बाजूने आहे. निदान तिसरा तरी करा हो!"

"वहिनींचं ऐका मास्तर," रंगारी मध्येच म्हणाला, "घरात शांतता राहील."

पण मास्तर आता कामात होते. काकूंनी हा चेहरा ओळखला. उसवलेला ग्लोव्ह मांडीवर घेतला की असाच व्हायचा, कुणाचं ऐकू यायचं नाही. त्यांनी घड्याळाचा बिल्ला पहिल्या खिळ्यावर लावला, मुनिमाचा दुसऱ्यावर. खाटीक तिसरा. गवंड्याचा बिल्ला तळहातावर घेऊन ते क्षणभर थांबले. अंगठ्याने त्यावरची धूळ पुसली आणि चौथ्या खिळ्यावर अडकवला. पिल्लू बिचारं होतं तिथेच राहिलं.

"चौथा," मास्तर म्हणाले. "पण डोंगराला हरवलं ते हरवलंच. एकदा का होईना, बावीस किलो जड माणसाला. खाली तेवढं लिही."

रंगाऱ्याने वहीत खाडाखोड केली आणि डोकं खाजवलं. "मास्तर, एक अडचण आहे. चौथी जागा कोपऱ्यात येते. तिथे भिंतीवर दिव्यांची बटणं आहेत. ती गवंड्याच्या बरोबर कोपराशी येतील."

आधी काकूंना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर पदर धरला, पण खांदे हलायला लागले. मग रंगाऱ्याला फुटलं. मास्तरांनी दोघांकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. "बरं झालं," ते म्हणाले, "आता पुन्हा दिवे गेले तर त्याचे त्यालाच लावता येतील." आणि मग तेही डोळे पुसेपर्यंत हसले.

चहा निवून गेला होता. काकूंनी तो पुन्हा गरम करून आणला आणि मास्तरांच्या कपात न सांगता एक चमचा साखर जास्त घातली. रंगाऱ्याने उभ्यानेच पिऊन घेतला. उन्हं वर यायच्या आत त्याला पहिला हात द्यायचा होता. मास्तरांनी काचेतला फोटो खाली उतरवला, मागचे खिळे काढून पान मोकळं केलं आणि एका जाड पुठ्ठ्यात घालून त्याच्या हातात दिलं. जन्मात पहिल्यांदाच ते पान घराबाहेर जात होतं.

"संध्याकाळी परत आण हं," काकू म्हणाल्या.

"आणतो वहिनी. आणि मास्तर, काळजी करू नका. चौथा असला तरी ग्लोव्हज एकदम नवे दाखवतो, बोलल्याप्रमाणे."

तो पायरी उतरून शिडी खांद्यावर घेत होता. मास्तर त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले. हातात अजून आरी होती.

"नवे नकोत," ते म्हणाले. "त्याच्या डाव्या अंगठ्यावरचं ठिगळ तेवढं रंगव. जरा वेगळ्या रंगात."